नोनोकाकांचे आकडे

नोनोकाका हे नाव व्याकरणाच्या दृष्टीनं चुकीचं होतं, आणि ती चूक आमच्या घरात झाली होती.

प्लेनोतल्या आमच्या शेजारी पाओला नावाची इटालियन बाई राहते. एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, नवरा टेक्सासचाच, मुलगी मिया सहा वर्षांची. पाओलाची आई रोममध्ये वारली आणि तिचे वडील दोन सुटकेसी घेऊन इथे आले. मिया दिवसभर त्यांना अंगणातून 'नोन्नो, नोन्नो' अशा हाका मारायची. आमच्या सुनंदानं त्या कुंपणापलीकडून ऐकल्या आणि मला म्हणाली, "अहो, नोनो नाव दिसतंय त्यांचं. पण नुसतं नोनो कसं म्हणायचं? केवढे मोठे आहेत वयानं." म्हणून तिनं पुढे काका जोडलं. महिन्याभरात इथल्या मराठी मंडळातली सगळी माणसं त्यांना नोनोकाका म्हणायला लागली.

नोन्नो म्हणजे आजोबा, हे आम्हांला पुढे कळलं. तोवर आजोबाकाका हा नातेसंबंध रूढ झाला होता. त्यात 'काका' या उच्चाराचा इटालियनमध्ये अर्थ होतो लहान मुलांची शी. सुनंदा "नोनोकाका, चहा घेणार?" असं विचारायची तेव्हा मिया हिरवळीवर लोळून हसायची. सुनंदाला वाटे, पोरगी किती आनंदी आहे.

त्यांनी स्वतः कधी तक्रार केली नाही. 'काका'चा आपल्याकडचा अर्थ मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी एकाच मुलीचा आजोबा आणि काका. आमच्या गावात अशी कुटुंबं होती. फक्त कुणी मोठ्यानं म्हणायचं नाही."

नाव मात्र त्यांना शोभलं. ते सगळ्याला 'नो' म्हणायचे. बर्फ घातलेलं पाणी, नो. जेवणानंतर दूध घातलेली कॉफी, नो, नो. एसी, सीटबेल्ट, फॅमिली डॉक्टर, नो. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं डोंबिवलीचं; दोन्ही एकमेकांना बरोबर बसायचं. ते मी इथे मराठीत लिहितो आहे. म्हणजे मीही त्यांच्यावर एका अर्थी डबिंगच करतो आहे, आणि या शब्दाकडे मला पुढे परत यावं लागणार आहे.

खरं नाव रेन्झो. सिनेमा दिग्दर्शक. हे पाओलानं सांगितलं ते घरातली जुनी गळती सांगावी तसं. मी पुण्यात कॉलेजात असताना फिल्म सोसायटीच्या लाकडी खुर्च्यांवर बसून पुष्कळ इटालियन सिनेमे पाहिले होते आणि त्यातले निम्मे कळल्याचं नाटकही केलं होतं. त्यामुळे मी हरखून त्यांना विचारलं, तुम्ही त्या थोरांपैकी का?

"नो," ते म्हणाले. "ते लोक कान नावाच्या गावी फेस्टिवलला जायचे. माझे सिनेमे ज्या गावात लागायचे तिथे थिएटरात कोंबड्या शिरायच्या."

त्यांनी चाळीस-एक चित्रपट केले. समुद्री चाचे, रोमन गुलाम, घोडेवाले, भुतं, आणि 'पूर्वेकडचे' म्हणून एक प्रकार, ज्यात रोमजवळच्या तळ्याकाठी चार कुंड्या ठेवल्या की मलाया व्हायचा. एका सिनेमाच्या खडकाला पुढच्या सिनेमात रंग लावून देऊळ करायचं. हे सगळं ते अभिमानानं नाही आणि लाजेनंही नाही, सुतारानं खुर्च्यांबद्दल बोलावं तसं बोलायचे.

पण एक गोष्ट सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. त्या काळी तिकडे चित्रीकरणाच्या वेळी आवाज टिपतच नसत. कॅमेरा घरघरायचा, मजूर हातोडे मारायचे, दिग्दर्शक मधेच ओरडून सूचना द्यायचा. संवाद नंतर, स्टुडिओत, बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तोंडून भरायचे. नट वेगवेगळ्या देशांतून आणलेले. जो तो आपल्या भाषेत बोलायचा. आणि ज्यांना संवाद पाठच व्हायचे नाहीत त्यांना सांगायचे, आकडे म्हण. आपापल्या भाषेत एक, दोन, तीन, चार, परत एक. चेहऱ्यावर प्रेम किंवा संताप हवा तो आणायचा, तोंडानं आकडे. "आवाज नंतर," ते म्हणायचे. तेच त्यांचं तत्त्वज्ञान. "शब्द कुणीही कुणाच्याही तोंडात घालू शकतो. तोंड मात्र ज्याचं त्याचं असतं."

याचा एक परिणाम असा की ते घरी टीव्ही कायम आवाज बंद करून बघायचे. फुटबॉल, बातम्या, राष्ट्राध्यक्षांची भाषणं, सगळं मुकं. कोण खोटं बोलतंय ते आवाज बंद केला की लगेच दिसतं, असा त्यांचा दावा होता. आमच्या वसाहतीच्या रहिवासी संघाची सभा होती. अध्यक्ष कुंपणाची उंची या विषयावर बोलत होते, आणि जगाच्या इतिहासात कुंपणावर कुणी इतक्या गांभीर्यानं बोललं नसेल. नोनोकाका माझ्याशेजारी शेवटच्या रांगेत. अध्यक्षांच्या ओठांवर नजर ठेवून त्यांनी हलक्या आवाजात डबिंग सुरू केलं. "माझी बायको मला सोडून गेली... सहा फूट... ती शेजाऱ्याबरोबर गेली... म्हणून कुंपण सहा फूट..." ओठांशी प्रत्येक शब्द असा तंतोतंत जुळत होता की मला खोकल्याचं निमित्त करून बाहेर जावं लागलं. पुढे चार महिन्यांनी त्या अध्यक्षांचा खरोखर घटस्फोट झाला. मी नोनोकाकांना सांगितलं. त्यांनी खांदे उडवले. "मी तोंड वाचलं. कुंपण तर तुम्ही ऐकत होता."

आमची भाषा कोणती, हे त्यांनी ओळख होऊन बऱ्याच दिवसांनी विचारलं. तोवर त्यांच्या लेखी आम्ही इंडियन होतो आणि इंडियन बोलत होतो. मी मराठी म्हणालो. ते फुलझाडांना पाणी घालत होते. पाईप तसाच धरून राहिले, पाणी बुटांवर पडत राहिलं.

"मराती," ते म्हणाले. "बॉम्बेची?"

"बॉम्बेची, पुण्याची, नागपूरची."

"आकडे म्हणा."

मी हसलो आणि म्हटले. एक ते दहा. ते कान देऊन ऐकत नव्हते. माझ्या तोंडाकडे बघत होते, दाताच्या डॉक्टरसारखे. मग म्हणाले, "परत. एक ते चार."

त्यानंतर हे वेड सुरू झालं. मंडळाच्या कुठल्याही कार्यक्रमात, प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या पॉटलकमध्ये, कुणाच्या डोहाळजेवणातसुद्धा, ते एखाद्या बाईसमोर खुर्ची ओढून बसायचे आणि अदबीनं म्हणायचे, "सिन्योरा, प्लीज, एक ते चार." बायकाच लागायच्या, आणि शक्यतो तरुण. सुरुवातीला काही नवऱ्यांच्या भुवया वर गेल्या. पण त्यांच्या चेहऱ्यावर रसिकता अजिबात नसायची. इतक्या दुःखी चेहऱ्यानं आकडे ऐकणाऱ्या माणसाचा संशय तरी कसा घ्यायचा? "किती क्यूट आहेत ना," असा निकाल लागला. म्हातारपणी परकी भाषा शिकतायत, यार, आपली पोरं बघा.

आपल्या पोरांचं खरंच बघण्यासारखं होतं. एक ते दहा ठीक. वीसच्या पुढे धाप लागायची, आणि एकोणसत्तर म्हणजे काय हे सांगू शकणारं एकही मूल मला तरी त्या उपनगरात आढळलं नाही.

गणेशोत्सवात मंडळाचं ऐतिहासिक नाटक असतं. अध्यक्ष डॉक्टर साठे. हृदयरोगतज्ज्ञ, आता निवृत्त. आयुष्यभर लोकांच्या छातीला यंत्र लावलं त्याची भरपाई म्हणून आता स्वतःच्या तोंडाला मायक्रोफोन लावून असतात. दरवर्षी राजा तेच. शेजारी इंटरनॅशनल डायरेक्टर राहतो हे कळल्यावर डॉक्टरांनी तालमीला नोनोकाकांना मानानं बोलावलं, शाल घातली, आणि "आम्हांला मार्गदर्शन करावं" असं म्हणाले. मार्गदर्शन करा असं म्हणणाऱ्याला कौतुक हवं असतं, एवढं साधं इटलीत कुणी त्यांना शिकवलं नसावं.

ते शाल घडी करून उठले. "संवाद बंद. सगळ्यांनी आकडे म्हणा."

"पण हा मोनोलॉग आहे," डॉक्टर म्हणाले. "स्वराज्याच्या शपथेचा."

"शपथ आकड्यांत घ्या."

डॉक्टर चिडले, पण शाल स्वतःच घातलेली. त्यांनी तलवारीवर हात ठेवून रागारागानं "एक! दोन! तीन! चार!" सुरू केलं, आणि मला कबूल करणं भाग आहे की बारा वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी खरं दिसलं. तो राग होता, पण खरा होता. तालमीतल्या आयटीतल्या मुलांनी फोन खिशात ठेवले. राणीचं काम करणारी ऋजुता म्हणून एक मुलगी होती, अर्विंगहून यायची. तिला त्यांनी पुन्हा पुन्हा आकडे म्हणायला लावले. 'एक' म्हणताना हसून, मग भिऊन, मग मान वर करून, जणू पाणी हनुवटीपर्यंत आलंय. "पाणी?" ती म्हणाली. "काका, हा दरबार आहे." त्यांनी ऐकलं नाही.

प्रयोगाच्या दिवशी डॉक्टर शपथेच्या मध्यावर अडकले. प्रॉम्प्टर फोनवर. डॉक्टरांनी एक क्षण आमच्याकडे पाहिलं, तलवार उपसली आणि गर्जना केली, "सदुसष्ट! अडुसष्ट! एकोणसत्तर!!" कडाडून टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या मुलांना तो इतिहास वाटला. नोनोकाका उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना मी मोठ्यानं हसताना त्या एकाच दिवशी पाहिलं.

त्याच उन्हाळ्यात, नाटकाच्या तालमी चालू असतानाच, विद्यापीठाचं पत्र आलं होतं. डॅलसजवळच्या एका विद्यापीठाच्या चित्रपट विभागाला नोनोकाका सापडले होते. त्यांचा एक 'पूर्वेकडचा' सिनेमा कुणीतरी तळघरातून काढून फ्रेम-न्-फ्रेम स्वच्छ केला होता. तो मोठ्या पडद्यावर दाखवणार, सत्कार करणार, चर्चासत्र होणार. पाओलाला खात्री होती, वडील नो म्हणणार. त्यांनी विचारलं, "तोंड स्पष्ट दिसतं का?" तिला प्रश्न कळला नाही. त्यांनी विद्यापीठाला तोच प्रश्न विचारायला लावला. उत्तर आलं की प्रत्येक पापणी दिसते. ते हो म्हणाले.

कार्यक्रमाच्या आदल्या शनिवारी भर दुपारी ते आमच्याकडे आले. बाहेर अंगाची लाही होत होती. एसी बंद करायला लावून आमच्या ओट्याशी बसले. सुनंदा मंदिरात गेली होती. त्यांनी मला तीन शब्दांचं मराठी विचारलं. थांबा. वाचवा. बुडते आहे.

मी सांगितले. प्रत्येक शब्दाला ते माझ्या ओठांकडे बघून मान हलवत होते. "थांबा, ओठ मिटतात. बुडते, मिटतात. वाचवा, खालचा ओठ वर येतो. बरोबर?"

"बरोबर. पण कशासाठी?"

मग त्यांनी सांगितलं. तिचं नाव लीला होतं. आडनाव आठवत नव्हतं, किंवा कधी विचारलंच नव्हतं. रोममध्ये एका विमान कंपनीच्या ऑफिसात टायपिस्ट होती, बॉम्बेकडची. चेहरा त्यांना आवडला. त्यांना 'पूर्वेकडची' बाई हवी होती आणि तिला सिनेमात दिसायचं होतं. इटालियन चार शब्द. त्यांनी सांगितलं, तुझ्या भाषेत आकडे म्हण, एक ते चार, परत एक ते चार. तिनं विचारलं, हिंदीत की मराठीत? ते म्हणाले, तू आईच्या घरी बोलतेस त्या भाषेत.

शॉट असा होता: ती तळ्यात कमरेइतक्या पाण्यात जाते, वळून काठावरच्या नायकाला काही म्हणते, आणि हळूहळू पाण्याखाली जाते. पाण्याखालून पोहत वेतांच्या मागे निघायचं, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी. तिला पोहता येत होतं. तिनं तसं करूनही दाखवलं होतं, सकाळी.

"चौथा टेक," ते म्हणाले. "ती वळली. तोंड उघडलं. असा चेहरा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मी ओरडलो, छान, छान, चालू ठेव. कॅमेरा घरघरत होता. जनरेटर चालू होता. आम्हांला काही ऐकू येत नव्हतं आणि आम्ही ऐकतही नव्हतो. आमच्याकडे ऐकायची पद्धतच नव्हती. ती खाली गेली. मी मनात म्हटलं, जरा लवकर गेली, पण चालेल. मग आम्ही वेतांमागे बघत राहिलो."

तळाशी गाळ होता आणि गाळात जुनी तार. पोलिसांनी अपघात लिहिला. अपघातच होता.

"आणि तो शॉट?"

"सिनेमात आहे."

"निर्मात्यानं ठेवायला लावला?"

त्यांना खोटं बोलायची ती सोपी संधी होती. "नो," ते म्हणाले. "मीच ठेवला. खाली जाते तिथे कापला, तोंड ठेवलं. लोकांना सांगितलं तिसरा टेक आहे. माझ्या सगळ्या सिनेमांत तेवढा एकच शॉट चांगला आहे."

तिच्या घरी कोण गेलं होतं, मी विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. ते एडिटिंगला होते.

मग त्यांनी मला पुरावा सांगितला. पुरावा हाच शब्द वापरला. त्यांच्याजवळ एक जुनी टेप होती, इतकी घासलेली की तिच्यावर चेहरा म्हणजे एक डाग. पण एक गोष्ट डागातही कळायची: ओठ एकदाही मिटत नव्हते. एक, दोन, तीन, चार. यात ओठ मिटत नाहीत, हे त्यांनी आमच्या सबंध मंडळाकडून तपासून घेतलं होतं. थांबा, बुडते, वाचवा, यात ओठ हलतात. "आणि सगळ्यांत मुख्य," ते पुढे वाकून म्हणाले, "मरणारा माणूस आईला हाक मारतो. मी युद्ध पाहिलंय, लहानपणी. प्रत्येक जण. जर्मन, अमेरिकन, आमचे. आणि जगात कुठल्याही भाषेत ओठ मिटल्याशिवाय आई होत नाही. मम्मा, मामां, मुटर, मदर. बाळ दूध पितं त्याच ओठांनी तो शब्द बनतो. म्हणजे ती हाक मारत नव्हती. ती आकडे म्हणत होती. शेवटपर्यंत तिला काही कळलं नाही. एकदम झालं."

"मराठीत आईला काय म्हणतात, ते विचारलंत कुणाला?" मी म्हणालो.

"विचारायचं काय? तुमच्या रस्त्यावर रोज ऐकतो. 'मम्मा, कॅन आय गो?' सगळी पोरं मम्माच म्हणतात."

ते खरं होतं. सगळी पोरं मम्माच म्हणतात.

शब्द माझ्या जिभेवर होता. पण सिनेमा मी पाहिला नव्हता, आणि ती बाई खरंच आकडे म्हणत असण्याची शक्यता होती. मी उठून एसी लावला. ते नो म्हणाले नाहीत.

विद्यापीठातला सोहळा अशा सोहळ्यांसारखाच झाला. बाहेर चाळीस अंश आणि चित्रपट विभागाच्या मुख्य प्राध्यापकांच्या गळ्यात लोकरीचा मफलर. त्यांनी सिनेमाआधी बराच वेळ भाषण केलं. नोनोकाकांच्या खडकांना रंग देण्याच्या सवयीत त्यांना साम्राज्यवादाची चिकित्सा सापडली. तळ्याच्या शॉटपाशी तर ते फारच रमले: पाणी म्हणजे इतिहास, आणि अभिनेत्रीचा दिग्दर्शकावरचा विलक्षण विश्वास. नोनोकाका पहिल्या रांगेत बसून त्यांच्या ओठांकडे बघत होते. या वेळी त्यांनी डबिंग केलं नाही.

सिनेमा वाईट होता. कुंड्या ओळखू येत होत्या. मग तळं आलं.

ती वळली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. कपाळावर त्यांनी लावलेला भलताच मोठा कुंकवाचा टिळा, आणि त्याखाली आपल्या कुठल्याही कॉलेजच्या पायरीवर भेटेल असा चेहरा. पडद्यावरून कुणातरी इटालियन बाईचा घोगरा, मादक आवाज आला. खाली अक्षरं उमटली: माझी वाट पाहू नकोस. आणि त्या आवाजाखाली लीलाचं तोंड उघडलं, मोठं, मग ओठ दोन्ही बाजूंना ताणले गेले. पुन्हा उघडलं. पुन्हा ताणले गेले. 'दोन' म्हणताना ओठांचा चंबू होतो. तसा तो एकदाही झाला नाही.

माझ्या शेजारी सुनंदानं हातानं तोंड दाबलं. तिला मी यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं.

अ‍ॅक्रिलिकचं मानचिन्ह हातात घेऊन नोनोकाका पार्किंगमध्ये माझ्यापाशी आले. पाओला गाडी आणायला गेली होती. आयुष्यभर तोंडं वाचणारा माणूस. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. मानचिन्हाकडे बघत विचारलं, "आकडे?"

"हो," मी म्हणालो. "आकडेच."

त्यांनी मान हलवली. त्या रात्री, पाओला नंतर म्हणाली, ते बऱ्याच वर्षांनी सलग झोपले.

गाडीत हायवे लागल्यावर सुनंदानं एसी कमी केला. मग म्हणाली, "ती पोर 'आई गं' म्हणत होती."

"मला माहीत आहे."

"मग ते असं का बोलत होते सगळे? विश्वास काय, इतिहास काय?"

मी तिला सगळं सांगितलं. घरी पोचेस्तोवर ती खिडकीबाहेर बघत होती. उतरताना एवढंच म्हणाली, "हे कधी सांगू नका त्यांना." काही गोष्टींत आमचं एकमत व्हायला चाळीस वर्षं लागतात.

पुढचे दोन महिने नोनोकाका प्लेनोतले सगळ्यांत सुखी म्हातारे होते. त्यांनी बर्फ घातलेलं पाणी प्यायला सुरुवात केली. आकडे विचारणं बंद झालं. मियाला त्यांनी अंगणात बसवून फोनवर सिनेमा काढायला शिकवलं. मी त्यांना टीव्हीचा आवाज लावून बातम्या ऐकताना पाहिलं आणि आपण बरोबर केलं असं मला जवळजवळ वाटलं.

दिवाळीचं पॉटलक डॉक्टर साठ्यांच्या घरी होतं. कुणीतरी निखिल म्हणून नवा मुलगा, त्याची नागपूरची आजी व्हिसावर आली होती. मालतीबाई, नऊवारीतल्या, गुडघ्यांनी हैराण, पण खुर्चीवर बसायला तयार नाहीत. गालिच्यावर बसून त्यांनी सगळ्यांना चकल्या वाटल्या. नोनोकाका शेजारच्या सोफ्यावर बशी घेऊन बसले होते. मालतीबाई उठायला गेल्या, गुडघ्यात कळ आली, आणि त्या कळवळून म्हणाल्या, "आई गं!"

मोठ्यानं नव्हे. आपण दिवसातून दहादा म्हणतो तसंच.

नोनोकाकांची बशी हातातच राहिली. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतो. त्यांनी बाईंच्या तोंडाकडे पाहिलं ते मला दिसलं.

"हे काय म्हणाल्या त्या?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"काही नाही, काका, नी पेन आहे आजीला," निखिल म्हणाला.

"शब्द. शब्द कोणता होता?"

आणि डॉक्टर साठे तिथे होते. डॉक्टर साठे नेहमी तिथे असतात. मी माणसांमधून वाट काढत होतो, पण त्यांचा घसा खाकरून झालासुद्धा होता. "आई! दॅट इज अवर वर्ड फॉर मदर, नोनोकाका. मम्मी-बिम्मी नंतरचं, हे इथल्या पोरांचं. अस्सल मराठी माणूस, ऐंशी वर्षांचा झाला तरी, ठेच लागली, चटका बसला, मरण समोर आलं, की तोंडातून पहिला शब्द येतो, आई! स्वरांचा शब्द आहे. ओठसुद्धा मिटावे लागत नाहीत. आहे जगात दुसरी अशी भाषा?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. एकदोघींचे डोळे भरून आले. डॉक्टर उत्तमच बोलले होते.

नोनोकाकांनी बशी खाली ठेवली. दोन बोटं स्वतःच्या ओठांवर ठेवली आणि आवाज न करता तो शब्द म्हणून पाहिला. आ. मग ई. बोटं उघड्या तोंडावर तशीच राहिली. मालतीबाईंना वाटलं त्यांनाही कुठे दुखतंय. त्यांनी विचारलं, "बरं नाही वाटत का हो तुम्हांला?" तो प्रश्न नोनोकाकांना कळला नाही. ते माझ्याकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे.

दुसऱ्या दिवशी मी कुंपणापाशी गेलो. ते नळीनं पाणी घालत होते. झाडं केव्हाच भिजली होती. काय बोलायचं ते मी ठरवून गेलो होतो. त्यांनी बोलू दिलं नाही.

"तुम्ही चांगलं डबिंग केलंत," ते म्हणाले. "ओठांशी बरोबर जुळलं."

त्यात राग नव्हता. एका कारागिरानं दुसऱ्याला दिलेली दाद होती. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ते बोलेनासे झाले. पाओलाला वाटलं पक्षाघात. तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. जेवायचे, चालायचे, मियानं हात धरला तर तिच्याबरोबर जायचे. फक्त आवाज नव्हता. डॉक्टर साठे दोनदा भेटून आले आणि म्हणाले, डिप्रेशन, या वयात होतं, त्यांना माणसांत आणा. हिवाळ्यात पाओलाची बदली झाली. तिनं त्यांच्यासाठी नव्या शहरात एक वृद्धनिवास बघितला. सगळ्यांत चांगला, म्हणाली. तिथे तळं आहे.

ते निघाले त्या सकाळी सुनंदानं डबा दिला. पाओलानं तिला मिठी मारली. नोनोकाका पुढच्या सीटवर होते, सीटबेल्ट लावून, काच वर. मी त्यांच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते समोर बघत होते आणि त्यांचं तोंड हलत होतं.

काचेतून काही ऐकू येत नव्हतं. गाडी मागे घेताना इंजिन घरघरलं. मी वाकून त्यांच्या ओठांकडे पाहत राहिलो, ते कधी मिटतात म्हणून. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत पाहिलं. मिटले नाहीत.